चिमणीच्या पोटात कोण राहतं?

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरातली चिमणी साफ करायला एक दादा आले. त्यांनी आधी ओटा पूर्ण मोकळा करून घेतला, शेगडीवर जुनी चादर टाकली, तिच्यावर वर्तमानपत्रं अंथरली आणि म्हणाले, "ताई, मुलांना जरा बाहेरच्या खोलीत बसवा." तेलाचे थेंब उडतील म्हणून सांगत असतील, असं मला वाटलं. जाळ्या निघाल्या. त्यांच्यावर काकवीसारखा घट्ट, चिकट थर होता, तो अपेक्षितच होता. मग दादांनी समोरच्या टच पॅनेलचे स्क्रू सोडले आणि काच अलगद पुढे ओढली. काचेमागून फिकट तपकिरी झुरळं पाण्यासारखी ओघळली. सर्किटच्या हिरव्या पट्टीवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके होते आणि कोपऱ्यात अंड्यांच्या रिकाम्या कुप्या, तांदळाच्या कण्यांसारख्या. दोन महिने आमची चिमणी मध्यरात्री आपोआप सुरू होत होती. वीज वरखाली होते म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या दिवसापासून मी चिमण्या साफ करणाऱ्या ज्याला भेटेन त्याला एकच प्रश्न विचारत आले आहे: आत काय काय सापडलं? झुरळं आणि पाली तर सगळेच सांगतात. त्यानंतर कबुतराचं घरटं येतं, उंदराने कुरतडलेला पाइप येतो, मातीची मडकी येतात, वटवाघूळ येतं. परदेशात राहणाऱ्या आप्तांना विचारलं तर यादी आणखी लांबते. आपल्या भाषेत चिमणी या एका शब्दात अंगणातला पक्षी, रॉकेलची बत्ती आणि धुराडं अशी तिघं नांदतात. धुराड्यासाठीचा शब्द इंग्रजीतून आला आणि आधीच घरात असलेल्या पाखराच्या नावात मिसळून गेला. पण शब्दाचं जाऊ द्या. खऱ्या चिमणीच्या पोटातही नेहमी कुणी ना कुणी राहतंच, आणि ते का राहतं हे समजून न घेता आपण फवारा मारतो. माझा आक्षेप तिथे आहे.

चिमणीत सापडणाऱ्या जिवांच्या दोन जाती आहेत. काही तिथे खायला येतात आणि काही राहायला. खायला आलेल्याला उपाशी ठेवायचं असतं. राहायला आलेल्याची वाट बंद करायची असते, तीही तो बाहेर गेलेला असताना. या दोघांना 'कीड' या एकाच शब्दात गुंडाळलं की उपाय हमखास चुकतो.

खाणाऱ्यांमध्ये पहिला मान झुरळाचा, आणि तेही आपल्या मोरीतल्या मोठ्या लालसर झुरळाचा नव्हे. चिमणीत असतं ते लहान, जेमतेम दीड सेंटिमीटरचं, मानेवर दोन गडद पट्टे असलेलं. त्याला म्हणतात जर्मन झुरळ. लिनियसने १७६७ मध्ये हे नाव दिलं, पण जर्मनीशी त्याचं मूळ नातं काहीच नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने दाखवलं, की ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात रानातल्या एका आशियाई झुरळापासून वेगळी झाली आणि माणसाच्या घरात शिरली. तिथून ती व्यापाराबरोबर पश्चिमेकडे गेली आणि युरोपातून जगभर पसरली. म्हणजे आमच्या पॅनेलमागे होतं ते याच भागातलं माहेर असलेलं झुरळ, जगाची फेरी करून परत आलेलं. माणसाच्या घराबाहेर ते आता सहसा टिकतच नाही.

त्याला हवं असतं ते सगळं आधुनिक चिमणीत एका जागी मिळतं. पॅनेलमागे सर्किटची ऊब असते, काळोख असतो आणि पाठ व पोट दोन्हीकडून टेकेल इतकी अरुंद फट असते. अशी फट त्याला मोकळ्या जागेपेक्षा प्रिय. खाली ऑइल कलेक्टरची वाटी भरलेली. 'ऑटो क्लीन' हे दोन शब्द वाचून आपण निर्धास्त होतो, पण ते बटण दाबल्यावर आतली कॉइल तापून तेल पातळ होतं आणि वाटीत उतरतं, एवढंच होतं. वाटी आपणच रिकामी करायची असते. ती महिनोन्महिने तशीच राहिली तर ते झुरळांचं अन्नछत्र होतं.

मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी पिल्लं बाहेर यायच्या सुमारापर्यंत अंगालाच वागवते. म्हणून फवारा मारून समोरची झुरळं मेली तरी कुपीतली वाचतात आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा घर भरतं. शिवाय चिमणी ही फवारा मारण्याची जागाच नव्हे. डब्यातला वायू पेट घेणारा असतो, शेगडी खाली असते आणि विषाचा थर त्याच वाऱ्याच्या वाटेत बसतो जिच्याखाली आपली भाजी शिजते. पॅनेलच्या मागे, बिजागरीजवळ, फटींत जेलचे बारीक ठिपके लावणं हा त्याहून बरा मार्ग. पण त्यालाही एक पाठ आहे. अमेरिकेत अशी झुरळं आढळली, ज्यांनी गोड विषारी आमिष खाणंच सोडलं होतं. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि २०१३ मध्ये कारण उलगडलं: त्यांच्या चव घेणाऱ्या पेशीच बदलल्या होत्या, ग्लुकोज त्यांना कडू लागत होतं. गोड खाणारी मरत गेली, न खाणारी उरली. तेव्हा एकच औषध वर्षानुवर्षं वापरून 'हल्ली काही लागू पडत नाही' म्हणणाऱ्यांनी औषध बदलावं, आणि त्याआधी तेलाची वाटी धुवावी. तेल राहिलं तर जेलकडे ते फिरकणार कशाला?

जाळ्या धुण्याबद्दल इथेच सांगते, कारण चूक सर्रास होते. कॉस्टिक सोड्यात स्टीलची जाळी टिकते. ॲल्युमिनियमची काळी पडते, खंगत जाते, आणि त्या क्रियेत हायड्रोजन निघतो, जो पेट घेतो. बंद मोरीत हा उद्योग करू नये. उकळतं पाणी, खायचा सोडा आणि भांड्यांचा साबण यांत तासभर भिजवलेली जाळी पुरेशी सुटते.

पालींवर वेळ घालवत नाही. त्या झुरळांच्या मागे येतात. झुरळं गेली की जातात. उंदराचं थोडं वेगळं. घरातला काळा उंदीर पाइपांवरून सहज चढतो आणि ॲल्युमिनियमचा लवचीक, घड्यांचा पाइप त्याच्या दातांपुढे कागदासारखा. चिमणी चालू असूनही माळ्यावर किंवा खोट्या छतात तेलकट वास येत असेल तर मधला पाइप तपासावा.

आता राहणाऱ्यांकडे. माझी मावशी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते. उन्हाळ्यात ती दोन महिने मुलाकडे होती. परत आल्यावर चिमणी लावली तर मोटर घुरघुरते, धूर मात्र तिथेच. वास वेगळाच. ड्राय बाल्कनीत जाऊन पाइपाच्या तोंडापाशी टॉर्च मारला तर दोन लालबुंद डोळे परत बघत होते. पाइपाच्या तोंडाशी पाती असतात. चिमणी चालली की वाऱ्याने उघडतात, बंद झाली की खाली पडतात. तेलाचा थर बसला की ती अर्धवट उघडीच अडकून राहतात. मावशीच्या पाइपात तेच झालं होतं आणि दोन महिने आतून वारा आला नव्हता. कबुतराच्या दृष्टीने याहून चांगला कडा कुठे मिळणार? मुळात ते डोंगरकड्यांच्या कपारीत राहणारं पाखरू. घरट्यात झाडूच्या काड्या होत्या, तारेचे तुकडे, केबल बांधायची प्लॅस्टिकची पट्टी, आणि मधोमध दोन पांढरी अंडी.

"काढून टाकू का, काकू?" साफ करायला आलेल्या मुलाने विचारलं. मावशी थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "नको रे बाबा. किती दिवस लागतील?" हिशोब सरळ आहे. अंडी उबायला साधारण अठरा दिवस, पिल्लं उडायला आणखी महिना. दीड महिना चिमणी बंद, खिडकी उघडी, तळणीचे पदार्थ कमी.

मावशीचं मन मला समजतं, आणि तिच्या फुप्फुसांची काळजीही वाटते. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो संघर्ष पेटला, त्यात कबुतरांना दाणे घालणारे आणि ते बंद करा म्हणणारे, दोन्ही बाजू आपापल्या जागी कळकळीनेच बोलत होत्या. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून जात राहिली तर काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. विष्ठेत वाढणारी बुरशी, क्रिप्टोकॉकस, अशक्त माणसाच्या मेंदूपर्यंत पोचू शकते. हे भीती घालायला सांगत नाही. पाइपात घरटं असलं की ही धूळ बाहेरच्या गच्चीवर नसते, आपल्या शेगडीच्या डोक्यावर असते. म्हणून पाखरं उडून गेली की साफसफाई कोरडी करायची नाही. आधी पाणी शिंपडून सगळं ओलं करायचं, मग उचलायचं. हातमोजे आणि एन-९५ मास्क लावूनच. केरसुणीने झाडणं किंवा ब्लोअरने उडवणं हा सर्वांत वाईट प्रकार. घरटं काढून नुसतं खाली टाकून दिलं आणि पाइप तसाच सोडला, तर पाखरांच्या रक्तावर जगणारे सूक्ष्म माइट उपाशी होऊन घरात उतरतात. मग अंगावर पुरळ येतं आणि ढेकूण झाले म्हणून गाद्या फेकल्या जातात. घरट्याच्या जागी मेलेलं पिल्लू राहिलं असेल तर काही आठवड्यांनी पिसं आणि कातडं खाणारे केसाळ अळ्यांचे भुंगेरे ओट्यावर पडू लागतात. वर मृत पाखरू आहे हे त्या अळ्याच सांगतात.

माती आणून मडकी घडवणारी कुंभारीण हा माझ्या मते या सगळ्यांतला सर्वांत कमी लेखला गेलेला जीव. सडपातळ कंबरेची ही गांधीलमाशीची चुलतबहीण पाइपाच्या तोंडाशी, एक्झॉस्टच्या जाळीत, गीझरच्या नळीत मातीच्या कोठड्या बांधते, त्यांत डंख मारून लुळे केलेले कोळी भरते आणि अंडं घालून तोंड लिंपते. ती आपणहून माणसाच्या अंगावर येत नाही. पण नळी बुजते. बुजलेली नळी काय करू शकते याचं भयंकर उदाहरण आकाशातलं आहे. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता इथून निघालेलं बर्जनएअरचं विमान समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. वेग मोजणारी नळी बुजली होती. तपास करणाऱ्यांचा अंदाज असा की तळावर उभ्या असलेल्या विमानाच्या उघड्या नळीत अशाच एका माशीने घर केलं असावं. आपल्याकडे धोका गॅस गीझरचा. त्याची धूर बाहेर नेणारी वाट बुजली तर न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइड साचतो, ज्याला ना रंग ना वास.

ब्रिटनमध्ये हाच वायू जॅकडॉ नावाच्या लहान कावळ्यामुळे घरात येतो. जॅकडॉ उंच धुराड्यात वरून काटक्या टाकत राहतो. एखादी आडवी अडकेपर्यंत. मग तिच्यावर थर रचतो, आणि कधीकधी अख्खं धुराडं काटक्यांनी भरतं. थंडीत कुणी शेकोटी पेटवली की धूर आणि तो अदृश्य वायू उलटा खोलीत. तरीही तिथला १९८१ चा वन्यजीव कायदा वापरात असलेलं घरटं सहसा मोडू देत नाही. म्हणून तिथे चिमणी साफ करून घ्यायची ती विणीच्या हंगामाबाहेर, आणि नंतर वर जाळीची टोपी बसवायची.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. नव्या घराच्या पहिल्याच जूनमध्ये तिने रात्री फोन केला. दिवाणखान्याच्या धुराड्यातून फडफड आणि किलबिलाट येत होता, मधूनच ढगांच्या गडगडाटासारखा आवाज. तिला वाटलं रॅकून असेल. तिकडे ते नेहमीचं आहे. रॅकूनची मादी वसंतात धुराड्याच्या आतल्या कट्ट्यावर पिल्लं घालते, आणि तिच्या विष्ठेतल्या जंतांची अंडी माणसाला खरोखर धोकादायक असतात. पण चिमणी साफ करायला आलेल्या माणसाने आरसा आत धरून पाहिलं आणि हत्यारं परत पेटीत ठेवली. आत पाकोळ्या होत्या. त्याने सांगितलं, आता सप्टेंबरनंतरच.

गावाकडे पाकोळी म्हटलं की कुणाला लहान वटवाघूळ आठवतं, कुणाला देवळाच्या शिखराभोवती किंचाळत फिरणारं पाखरू. इथे दुसरा अर्थ. चिमणीतली ही अमेरिकी पाकोळी फांदीवर बसूच शकत नाही. तिचे पाय फक्त उभ्या भिंतीला लटकण्यासाठी आहेत. ती उडता उडता वाळक्या काटक्या तोडते आणि लाळेने भिंतीला चिकटवून तळहाताएवढी अर्धी वाटी बांधते. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर तिच्याच कुळातली पाखरं लाळेनेच घरटी करतात, आणि त्या लाळेच्या लोभाने त्यांची घरटी चोरीला गेली आहेत. अमेरिकेतली पाकोळी पूर्वी पोकळ झाडांत राहायची. जंगलं तुटली, विटांची धुराडी उभी राहिली, तशी ती धुराड्यांत आली. हिवाळ्यात ती ॲमेझॉनच्या खोऱ्यात जाते. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने तिला संरक्षण आहे, तरी १९६० च्या दशकापासून तिची संख्या निम्म्याहून जास्त घटली. धुराड्यांवर टोप्या बसत गेल्या हे एक कारण, हवेतले किडे कमी झाले हे दुसरं.

ते दुसरं कारण एका चिमणीतूनच समोर आलं. कॅनडातल्या किंग्स्टन शहरात, क्वीन्स विद्यापीठाच्या फ्लेमिंग हॉल या इमारतीच्या धुराड्यात पाकोळ्या अनेक दशकं रात्रीच्या मुक्कामाला उतरत. त्यांच्या विष्ठेचा सुमारे दोन मीटर जाडीचा थर तळाशी साचला होता. कुणीही तो फावड्याने ओढून फेकून दिला असता. संशोधकांनी मात्र त्यात उभा खड्डा घेतला आणि झाडाच्या खोडातली वर्षं मोजावीत तसे थर मोजले: १९४४ पासून १९९२ पर्यंत. प्रत्येक थरात कोणत्या किड्यांचे पंख-पाय आहेत आणि डीडीटी हे कीटकनाशक किती आहे, ते पाहिलं. डीडीटी वाढला त्या वर्षांत भुंगेरे कमी झाले आणि त्यांच्या जागी ढेकणांच्या कुळातले कमी पोषक किडे पाकोळ्यांच्या पोटात जाऊ लागले. बंदी आल्यावर भुंगेरे थोडे परतले, पूर्वीइतके नाहीत. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एका पक्ष्याच्या ताटात पन्नास वर्षं काय वाढलं गेलं याची वही, आणि ती एका चिमणीच्या तळाशी! मला या विषयातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. फवारणीने आपण फक्त समोरची कीड मारतो असं वाटत असताना प्रत्यक्षात काय मारलं जातं, ते त्या घाणीत लिहिलेलं होतं.

ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरातल्या चॅपमन शाळेत दर सप्टेंबरला दुसऱ्या जातीच्या हजारो पाकोळ्या संध्याकाळी धुराड्यात भोवऱ्यासारख्या उतरतात. त्यांच्यासाठी शाळेने एकेकाळी थंडी सुरू झाली तरी हीटिंग लावणं लांबवलं. पुढे हीटिंगची व्यवस्थाच बदलली आणि जुनं धुराडं पाखरांसाठी राखलं. आता तिथे लोक चटया टाकून बसतात.

पाखरांना घरात जागा देणं आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. माझ्या आजीच्या कोकणातल्या घरी चुलीला धुराडं नव्हतं, धूर कौलांतून निघायचा. बियाण्याची कणसं चुलीवर टांगलेली असायची, काकडी-भोपळ्याचं बी राखेत. धुरामुळे त्यांना भुंगा लागत नसे. पण त्याच धुराने आजीचे डोळे आणि छाती गेली, म्हणून त्या काळाचे गोडवे मला गाववत नाहीत. वाशांच्या फटींत मात्र चिमण्यांची घरटी असत आणि ती कुणी काढत नसे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो, त्यामागे हीच गोष्ट आहे. सिमेंटच्या घरांत फटी उरल्या नाहीत. मग पाइपाचं उघडं तोंड दिसलं तर चिमणी, साळुंकी, दयाळ तिथे शिरणारच. पाइप बंद करताना बाल्कनीत एक लाकडी घरटं टांगलं तर त्यांचीही सोय होते.

या सगळ्यात चिमणी उघडणाऱ्या माणसाचा विचार कुणी करत नाही. झुरळांची वाळलेली कात आणि विष्ठा दमा बळावणारी असते, आणि तो दिवसाला चार-पाच घरी त्यात तोंड घालतो. आमच्याकडे आलेल्या दादांकडे मास्क नव्हता. मी काढून दिला तर म्हणाले, "घामाने भिजतो ताई, दुपारपर्यंत टिकत नाही." त्यांना प्रत्येक घरामागे ठरावीक पैसे मिळतात, वेळ जास्त लागला तरी तेवढेच. अशा माणसाकडून घरट्याजवळ थांबण्याची अपेक्षा करायची असेल तर त्या थांबण्याचे पैसे आपण द्यायला हवेत. काम सुरू होण्याआधी मेन स्विच बंद करावा, हातमोज्यांचा आणि मास्कचा नवा जोड काढून ठेवावा आणि गेल्या सहा महिन्यांत काय आवाज, काय वास आला ते आधीच सांगावं.

मावशीकडे पिल्लं उडाली ती पावसाच्या पहिल्या आठवड्यात. तिने त्याच मुलाला बोलावलं. त्याने आधी स्प्रेच्या बाटलीने घरटं ओलं केलं, पिशवीत भरून गाठ मारली, पाती गरम पाण्याने धुऊन मोकळी केली आणि तोंडावर बोटभर छिद्रांची स्टीलची जाळी बसवली. बारीक जाळी बसवली असती तर तेलाने महिन्यात बुजली असती. मावशीने चिमणी लावून पाइपासमोर हात धरला. वारा आला. कठड्यावर कबुतरांची जोडी बसली होती. त्यातलं एक उडून जाळीपाशी आलं, चोचीने दोनदा ठोकून पाहिलं आणि पलीकडच्या इमारतीकडे गेलं.